व्हिडिओतून कापलेले थांबे

पोस्ट मोठी झालीय. सवडीने वाचा.

परवा रात्री ताईचा फोन आला. तिचा जुना मोबाईल आता चालेनासा झालाय, म्हणून भाचा त्यातलं सगळं नव्या फोनमध्ये घेत होता. त्यात एक व्हिडिओ निघाला. "अरे, यात आबा बोलतायत," ताई म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना.

आमच्याकडे आबांचे फोटो भरपूर आहेत. लग्नातले, गणपतीतले, आधार कार्डावरचा तो एक भयंकर. पण आवाज नाही. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ते बोलतायत असा एकही व्हिडिओ कुणाकडे नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो का नाही, हे फक्त मला माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहून टाकतो.

फेब्रुवारी 2019 ची गोष्ट. आमचं गाव लांजा तालुक्यात, स्टेशन आडवली. थोरले काका वारले होते, सातबारावर वारस नोंद करायची होती आणि आबांची सही लागणार होती. शिमग्याला अजून महिना होता, त्यामुळे गर्दी कमी असणार होती. मी म्हटलं, एखाद्या एक्सप्रेसचं रिझर्वेशन बघतो. आबांनी सरळ नाही म्हटलं. "एक्सप्रेस रत्नागिरीला टाकनार. मंग एसटी बघा, मंग रिक्षा बघा. पॅसेंजर दारात सोडते."

दारात म्हणजे स्टेशनपासून पुढे अर्धा तास चालत. पण ते त्यांच्या हिशोबात दारातच.

भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आपलं भिवंडी रोड स्टेशन वसई–दिवा मार्गावर आहे. तिथून मेमूने सरळ दिव्याला जाता येतं, पण फेऱ्या मोजक्या आणि पहाटेच्या गाडीला त्यांचा उपयोग नाही. म्हणून आम्ही साडेतीनला घरातून निघालो. आमच्या गल्लीत तेव्हा रात्रपाळीचे माग चालू होते. खटाखट खटाखट. ज्या गावाला आख्खी रात्र झोप माहीत नाही त्या गावात आम्ही राहतो. रिक्षाने कोनगाव, दुर्गाडीचा पूल, कल्याण, आणि तिथून लोकलने दिवा. रस्त्यात गोदामांकडे निघालेल्या कंटेनरची रांग. आबा रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसले होते.

दिव्याला सावंतवाडी पॅसेंजर फलाटावर लागलेली होती. गाडी नंबर 50105. तेव्हा 5 ने सुरू होणारा नंबर म्हणजे पॅसेंजर, हे आमच्यासारख्या लोकांना पाठ असायचं. जनरल डब्यात खिडकी मिळाली. मी मुद्दाम उजव्या बाजूची धरली, कारण सकाळी डावीकडून ऊन येतं आणि मला व्हिडिओ काढायचा होता.

त्या दिवसांत मला हे एक वेड लागलं होतं. इंटरनेटवर लोक खिडकीतून काढलेले तासन्‌तासाचे रेल्वे प्रवास टाकतात. कोण नॉर्वेतला बर्फ दाखवतो, कोण भोर घाट. रात्री जेवल्यावर मी ते बघत बसायचो. मग वाटलं, आपण कोकण रेल्वेचा टाकू. दिवा ते आडवली, आख्खा. मोबाईल नवीन होता, पॉवर बँक घेतली होती, फोन गजांना बांधायला रबरबँड घेतले होते. आबा ती तयारी बघत होते. म्हणाले, "कोनाला दाखवायचा हाय?" मी म्हटलं, "सगळ्यांना." ते म्हणाले, "सगल्यांनी बघितलेला हाय."

आता आबांच्या कानांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आबा आधी मुंबईत गिरणीत होते. साचेखात्यात, बदली कामगार. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. कापड विणायचं काम मात्र थांबलं नाही, ते यंत्रमागांकडे गेलं, म्हणजे मोठ्या प्रमाणात आपल्याकडे, भिवंडीला. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने मागसुद्धा इथल्या शेडमध्ये येऊन पुन्हा चालू झाले. आबा म्हणायचे, "साचा आमच्या आधी भिवंडीत पोचला व्हता. आम्ही त्याच्या मागून आलो." गिरणीत आठ तासांची पाळी, युनियन, फंड. इथे बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. एका माणसाकडे सहा-आठ माग. धोटा इकडून तिकडे फेकला जातो त्याचा आवाज, तसे शेडमध्ये चाळीस माग, वर पत्रा. तीस वर्षांत कान गेले. पूर्ण नाही, पण आजूबाजूला आवाज असला की समोरचं काही कळायचं नाही. शांत खोलीत, जवळ बसून बोललं की सगळं ऐकू यायचं.

म्हणजे चालत्या गाडीत आबांशी बोलण्यात अर्थ नव्हता. चाकांचा आवाज सुरू झाला की ते खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मी माझ्या मोबाईलच्या स्क्रीनवर. गाडी थांबली, चाकं गप्प झाली, की ते माझ्याकडे वळायचे आणि बोलायला लागायचे. आणि पॅसेंजर म्हटल्यावर ती किती वेळा थांबते? निळजे, तळोजे, पनवेल, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, रोहा. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे. मग कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर, सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे. प्रत्येक ठिकाणी मिनिट, दोन मिनिटं. आणि क्रॉसिंग असेल तर पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त.

क्रॉसिंग म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला विचारा. 1998 साली ही रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आख्खी एकेरी होती. नंतर रोहा ते वीर पट्टा दुहेरी झाला, बाकी बहुतेक मार्ग आजही एकेरीच आहे. समोरून गाडी येणार असेल तर एकीने बाजूच्या रुळावर उभं राहायचं. मागून जलद गाडी येत असेल तरी एकीने उभं राहायचं. आणि ती एक म्हणजे बहुतेक वेळा पॅसेंजर. नियम लिहिलेला कुठे वाचायची गरज नाही, खिडकीत बसलं की समजतो. ज्याचं तिकीट स्वस्त तो उभा राहतो.

त्या दिवशीही आम्ही असे चार-पाच वेळा उभे राहिलो. आबा त्या थांब्यांत काय काय बोलले असतील! मला थोडं आठवतं. कोकणात रेल्वे आली त्या वर्षी आईला घेऊन ते गावी गेले तेव्हा बोगदा आला की डब्यातल्या बायका देवाचं नाव घ्यायच्या, हे एका थांब्यावर सांगितलं. चिपळूणच्या आसपास सायझिंगमधल्या एका तेलुगू मित्राची गोष्ट सांगितली, त्याच्या घरी पहिल्यांदा पुळीहोरा खाल्ला ती. संगमेश्वरला काकांची आठवण काढली. हे मला विषयांपुरतं आठवतं. शब्द आठवत नाहीत. ऐकताना माझं अर्धं लक्ष मोबाईलवर होतं, रेकॉर्डिंग चालू आहे ना, स्टोरेज किती उरलं.

उक्षी ते भोके दरम्यान करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. स्क्रीनवर नुसता काळोख. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा पूल, जमिनीपासून 64 मीटर उंच. तो मला घ्यायचाच होता आणि तो झकास आला. खाली झाडांची टोकं, मध्ये काही नाही. निवसर गेलं आणि आडवली आलं. माझ्याकडे सगळे तुकडे मिळून चार तासांच्या वर चित्रण होतं आणि मोबाईल गरम झाला होता.

भिवंडीला परत आल्यावर मी एडिटिंगला बसलो. चार तास कोण बघणार? मित्राने सल्ला दिला, दहा मिनिटांच्या आत ठेव. मी काय काय कापलं असेल? सगळ्यात आधी थांबे. गाडी उभी आहे, समोर तोच विजेचा खांब, तोच पिवळा बोर्ड, काही घडत नाही. उडवा. क्रॉसिंगची वीस मिनिटं? उडवा. बोगदे? उडवा. उरले ते पूल, नद्या, भातखाचरं, आंब्याचा मोहोर, डोंगराचं वळण. आणि आवाज? चालत्या गाडीच्या खडखडाटात मधूनच कुणाचं मूल रडतंय, कुणी चहा ओरडतंय. तो आवाज काढून टाकला आणि वर बासरी लावली.

नऊ मिनिटांचा व्हिडिओ झाला. दिवा ते आडवली, एकही थांबा नाही. लोकांना आवडला. "स्वर्ग", "येवा कोकण आपलाच असा", "डोळे भरून आले". मीही खूश. महिन्याभराने मोबाईल फुल्ल झाला, तेव्हा मूळ चित्रण एकेक करून डिलीट केलं. बनवलेला व्हिडिओ आहे ना, मग ते कशाला?

2022 च्या पावसाळ्यात आबा गेले. दहाव्याच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून तो नऊ मिनिटांचा व्हिडिओ उघडला. शेवटपर्यंत बघितला, मग पुन्हा बघितला. बासरीच बासरी. ज्या माणसाच्या शेजारी आठ-नऊ तास बसून मी ते काढलं होतं, तो माणूस त्यात कुठेच नव्हता. तो फक्त गाडी थांबल्यावर बोलायचा आणि मी सगळे थांबे कापले होते.

हे मी ताईला कधी सांगू शकलो नाही.

आता तिच्याकडे सापडलेला व्हिडिओ. त्या सकाळी तिने मेसेज केला होता, "कुठवर पोचलात?" मी टाइप करायच्या ऐवजी चालू रेकॉर्डिंग थांबवून एक छोटा तुकडा काढला आणि तिला पाठवून दिला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. स्टेशन विन्हेरे. महाड तालुक्यातलं हे स्टेशन, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त खिडकीतून पाहिलं असेल. गाडी क्रॉसिंगला उभी. चित्रात खिडकीचे दोन गज, पलीकडचे रूळ, त्यापलीकडे वाळलेलं गवत आणि डोंगर. एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन रुळाच्या कडेने चाललीय. बस. आबा चित्रात दिसत नाहीत, फक्त त्यांचा हात एकदा खिडकीच्या कडेवर येतो. नखाजवळ कापसाच्या कामातला तो जुना व्रण.

आणि आवाज. आहे तसा उतरवतो.

"आता बोल. मघाशी काय इचारत व्हतास?"

"काही नाही. म्हटलं, कंटाळा आला का? अर्धा तास झाला उभी आहे."

"कसला कंटाला? थांबलीय ती बरीच हाय." मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही, मागे कुणीतरी शेंगा सोलतंय त्याचा आवाज. मग आबा, "चालीस वर्सा मशीन थांबली का माझ्या पोटात गोला यायचा. माग थांबला का मीटर थांबला. मीटर थांबला का मजुरी थांबली. लाइट गेली का आम्ही काळोखात बसून हिशोब करायचो, आज किती गेला. ही येक मशीन बघितली, थांबली तरी आपला काय कापून घेत नाय."

आणि हसतात. आबांचं हसणं म्हणजे नाकातून दोनदा हवा सोडल्यासारखं. मी ते विसरलो होतो.

मी हसतो. मग त्यांचा आवाज जरा खाली येतो. "तुझ्या आयशीला लय हौस व्हती, का आपन दोघांनी—"

आणि तेवढ्यात मागून एक्सप्रेस येते. भोंगा, मग डबे, एकामागून एक, निळे, धडधड धडधड. आबा बोलत राहिले आहेत हे कळतं, कारण त्या आवाजाच्या खाली काहीतरी चालू आहे. पण शब्द एकही लागत नाही. मी मोजलं, एकवीस सेकंद. गाडी गेली तेव्हा त्यांचं वाक्य संपलेलं होतं. लगेच माझा आवाज, उत्साहात, "आबा, मांडवी असेल ना ही? कसली भारी आली फ्रेममध्ये! चला, आता आपली सुटेल. ताईला पाठवतो हे."

व्हिडिओ संपतो.

मी "काय म्हणालात?" असं विचारलं नाही. आई 2011 मध्येच गेली होती. तिला कसली हौस होती ते सांगू शकणारा एकच माणूस होता. तो माझ्या शेजारी बसून सांगत होता आणि मी एक्सप्रेसचे डबे बघत होतो. कान त्यांचे गेले होते, ऐकू मला आलं नाही.

इथवर घरचं झालं. आता जरा सगळ्यांचं.

त्या प्रवासानंतर तेराच महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला आपल्या भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरसाठी श्रमिक स्पेशल सुटली, ते आठवत असेल. एरवी लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या ज्या स्टेशनातून न थांबता जातात, तिथून आपल्या शहराचे विणकर, हमाल, गोदामातली पोरं, बाराशेच्या आसपास माणसं, सामान पोटाशी धरून निघाली. त्याच वर्षी या स्टेशनातून दूरच्या राज्यांत पार्सल गाड्याही जायला लागल्या. मालाला सोय झाली ती चांगलीच गोष्ट आहे. माणसांसाठी मात्र अजून मोजक्या मेमू.

मग गाड्या हळूहळू परत आल्या, पण पॅसेंजर पॅसेंजर म्हणून आली नाही. देशभर पॅसेंजरच्या जागी "स्पेशल" नावाच्या गाड्या आल्या. किमान तिकीट 10 रुपये होतं ते 30 झालं. गाडी तीच, डबे तेच, वेग जवळपास तोच, भाडं एक्सप्रेसचं. ते 10 रुपयांवर परत यायला फेब्रुवारी 2024 चा शेवट उजाडला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. बऱ्याच गाड्या तोवर कायमच्या एक्सप्रेस होऊन गेल्या होत्या. आमची 50105 आता 10105 आहे, दिवा–सावंतवाडी एक्सप्रेस. आणि रत्नागिरीची पॅसेंजर, जी दादरहून सुटायची, ती महामारीनंतर दिव्याहून सुटायला लागली. ती पुन्हा दादरहून सोडा, अशी कोकणातल्या प्रवासी संघटनांची मागणी सुरूच आहे. आम्हा भिवंडीवाल्यांना दिवा सोयीचं, हे कबूल करतो. पण लालबाग-परळच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बाईला पहाटे पिशव्या घेऊन दिव्याला ये म्हणायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी जलद गाड्यांच्या विरोधात नाही. वंदे भारत जून 2023 मध्ये मडगावपर्यंत सुरू झाली तेव्हा मलाही आनंद झाला. गेल्या वर्षी तिने रत्नागिरीला जाऊन आलो. छान आहे, वेळ वाचतो, खरोखर वाचतो. ती आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दोनच ठिकाणी थांबते, खेड आणि रत्नागिरी. जलद गाडीने तसंच करायला हवं. रेल्वेची अडचणही समजते. एक थांबा म्हणजे नुसती दोन मिनिटं नसतात. आधी वेग कमी करा, थांबा, परत वेग पकडा. आणि एकेरी मार्गावर एक गाडी अडली की मागच्या-पुढच्या अडतात. कागदावर बघितलं तर छोट्या स्टेशनचा थांबा म्हणजे वाया गेलेला वेळच दिसतो.

पण मी तोच कागद वापरला होता ना. "इथे काही घडत नाही, उडवा."

काही घडत नाही म्हणजे काय? विन्हेऱ्याला ती बोचकंवाली बाई गाडीत चढणार होती की नुसतीच चालली होती, मला माहीत नाही. पण सापे वामणेला, कामथ्याला, निवसरला जी माणसं चढतात-उतरतात, त्यांच्यासाठी ती दोन मिनिटं म्हणजे रत्नागिरीचा सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर आहे, चिपळूणचा बाजार आहे, कॉलेजातली परीक्षा आहे, मुंबईतल्या पोराला पाठवायचे तांदूळ आणि कुळीथ आहेत. त्यांच्या गावात दिवसभरात घडणारी रेल्वेची गोष्ट तेवढीच. ती कापली की नकाशावर स्टेशन उरतं, बोर्ड उरतो, कर्मचारीही उरतो, फक्त गाडी थांबत नाही. आपल्या भिवंडी रोडकरांना हे दुःख कोकणच्या आधीपासून पाठ आहे.

आणि भाडं. ज्या माणसाने आयुष्यभर मीटरवर मजुरी घेतली त्याला 10 आणि 30 मधला फरक किती मोठा असतो, ते ठरवणाऱ्यांना कळायला हवं होतं. भिवंडीत तुम्ही कुठल्याही शेडमध्ये जा. कुणाचं गाव गोरखपूरकडे, कुणाचं बिहारमध्ये, कुणाचं तेलंगणात, कुणाचं लांज्यात. प्रत्येकाच्या डोक्यात एक छोटं स्टेशन असतं, जिथे मोठी गाडी थांबत नाही. शेवटचे वीस-तीस किलोमीटर तो ज्या गाडीने जातो तिला आजही तो पॅसेंजरच म्हणतो, बोर्डावर काहीही लिहा.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. जलद गाड्या वाढवा, जरूर वाढवा. पण त्यांच्याबरोबर प्रत्येक मार्गावर निदान एक-दोन गाड्या अशा ठेवा, ज्या सगळीकडे थांबतील, ज्यांना साध्या भाड्याचे पुरेसे जनरल डबे असतील. रत्नागिरी पॅसेंजर दादरला परत न्या. आणि वसई–दिवा मार्गावर मेमूच्या फेऱ्या वाढवा, निदान एक पहाटे, म्हणजे भिवंडीचा माणूस साडेतीनला रिक्षा शोधत उभा राहणार नाही. यात मोठं काही मागितलेलं नाही. आपल्या लोकप्रतिनिधींना हे लिहून द्यायचं मी ठरवलंय. मसुदा तयार झाला की इथेच टाकतो. सही करायला या.

आता शेवटचं, घरचंच.

ताईने पाठवलेले ते दोन मिनिटं चाळीस सेकंद मी आतापर्यंत कितीदा ऐकले ते मोजलं नाही. हेडफोन लावून ऐकले. भाच्याने कुठल्याशा ॲपने गाडीचा आवाज कमी करून बघितला. आबांचा आवाज जरा वर आला, पण शब्द नाही आले. "आपन दोघांनी" च्या पुढे बहुतेक "येकदा" आहे. ताई म्हणते "गोव्याला" ऐकू येतं. मला तसं वाटत नाही, पण मी तिच्याशी वाद घातला नाही. आई-आबा कधी गोव्याला गेले नाहीत. गाडी आडवलीहून पुढे तिकडेच जाते.

येत्या शिमग्याला मी मुलीला घेऊन त्याच गाडीने चाललोय. ती आता आठ वर्षांची आहे, प्रश्न विचारून डोकं खाते. मोबाईल नेणार आहे, पण गजांना बांधणार नाही. क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की पिशवीतून शेंगा काढणार आणि तिला विचारणार, बोल, मघाशी काय विचारत होतीस?

तुमच्याकडे म्हातारी माणसं असतील आणि त्यांचे लांबलचक, कंटाळवाणे, काही न घडणारे व्हिडिओ पडून असतील, तर मोबाईल फुल्ल झाला म्हणून ते उडवू नका. नवीन मेमरी कार्ड घ्या. आणि त्यांचं एखादं वाक्य गोंगाटात अर्धवट राहिलं, तर गोंगाट संपल्यावर एकदा विचारा.

"काय म्हणालात?"